जिमचे रिव्ह्यू विकत घेऊ नका, मागून घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डिसेंबर संपत आला की मोठ्या जिम साखळ्यांचे फलक चौकाचौकांत लागतात. वार्षिक मेंबरशिपवर निम्मी सूट, जोडीने आलात तर एक फी माफ. त्याच दिवसांत गल्लीतल्या लहान जिमच्या मालकाला व्हॉट्सअॅपवर एक मेसेज हमखास येतो: शंभर फाइव्ह स्टार रिव्ह्यू, आठ दिवसांत, पैसे काम झाल्यावर. फलक परवडत नाही आणि हा सौदा स्वस्त वाटतो, म्हणून बरेच जण तो करतात. त्यांनी तो करू नये, आणि त्याऐवजी काय करावे, एवढ्यासाठीच हे पत्र आहे. ग्राहकांचे खरे रिव्ह्यू ही अशी एकच जागा आहे जिथे दीडशे मेंबरांची जिम देशभर शाखा असलेल्या कंपनीच्या शेजारी उभी राहू शकते. ती जागा आपल्याच हाताने घालवू नये.

'जवळची जिम' असे कोणी शोधले की गुगल तीन गोष्टी पाहते, आणि त्या त्यांनी स्वतःच जाहीर केलेल्या आहेत. शोधलेल्या शब्दांशी व्यवसाय किती जुळतो, शोधणाऱ्यापासून तो किती अंतरावर आहे, आणि तो किती नावाजलेला आहे. तिसऱ्या गोष्टीत रिव्ह्यूंची संख्या आणि सरासरी स्टार धरले जातात. अंतर मात्र कोणत्याही कंपनीला पैसे टाकून कमी करता येत नाही. सकाळी सहाला उठून व्यायामाला जाणारा माणूस फार लांब जात नाही; पायी किंवा गाडीवरून दहा-पंधरा मिनिटे, हीच त्याची हद्द. त्या हद्दीत स्पर्धा चार-पाच नावांची असते, आणि तिथे लहान जिम सहज पुढे येऊ शकते.

रिव्ह्यू मागण्याआधी मात्र घर आवरावे लागते. गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी व्यवसायाची नोंद, फुकट असते. त्यासाठी 'गुगलमधून बोलतोय' म्हणत फोनवर पैसे मागणारा माणूस गुगलचा नसतो. प्रोफाइलमध्ये नाव तेच लिहावे जे पाटीवर आहे. पाटीवर 'जय हनुमान जिम' असेल तर प्रोफाइलमध्ये 'जय हनुमान जिम बेस्ट जिम लेडीज जिम कोथरूड' असे लिहिणे नियमात बसत नाही. कोणी तक्रार केली तर प्रोफाइल निलंबित होऊ शकते आणि सगळे रिव्ह्यू त्यासोबत दिसेनासे होतात. व्यवसायाचा मुख्य वर्ग (कॅटेगरी) एकच निवडता येतो, शिवाय नऊ जोडवर्ग देता येतात. योगवर्ग चालवणाऱ्याने मुख्य वर्ग 'जिम' ठेवला तर शोधणाऱ्याला तो सापडत नाही. पेठांमध्ये आणि जुन्या गावठाणात नकाशावरची पिन हमखास मागच्या गल्लीत पडते. ती हाताने उचलून खऱ्या दारावर ठेवावी. वेळ दोन तुकड्यांत भरता येते, सकाळी साडेपाच ते अकरा आणि दुपारी चार ते दहा. विसर्जनाचा दिवस, लक्ष्मीपूजन, धुळवड या दिवसांच्या खास वेळा आधी टाकाव्यात. 'गुगलवर उघडे दाखवले, आलो तर कुलूप' हा एक स्टारचा रिव्ह्यू टाळायला दोन मिनिटे पुरतात.

आणखी एक गोष्ट जिमवाले हमखास विसरतात. प्रोफाइल बनवणाऱ्या मुलाने ते स्वतःच्या जीमेलवर बनवलेले असते. तो नोकरी सोडून गेला की उत्तर द्यायचा हक्कही त्याच्याबरोबर जातो. मुख्य मालक म्हणून जिमचालकाचेच खाते असावे. मुलगा असो की एजन्सी, त्यांना 'मॅनेजर' एवढाच हक्क द्यावा. जिम दुसऱ्या जागेत हलली तर नवे प्रोफाइल उघडू नये, आहे त्याच प्रोफाइलचा पत्ता बदलावा. नवे उघडले की जुने रिव्ह्यू जुन्याच पत्त्यावर अडकून पडतात आणि नव्या जागी पाटी कोरी राहते.

आता मागण्याबद्दल. नव्या मेंबरने पहिल्या दिवशी लिहिलेला रिव्ह्यू कामाचा नसतो. 'छान जिम आहे, स्टाफ चांगला' यापलीकडे तो लिहू शकत नाही, कारण त्याने अजून काही पाहिलेलेच नाही. तीन-चार आठवड्यांनी विचारावे. तोवर अंगदुखी गेलेली असते, ट्रेनरचे नाव माहीत झालेले असते, संध्याकाळी सातला बेंच प्रेसपुढे किती जण उभे असतात तेही कळलेले असते. दुसरी योग्य वेळ म्हणजे मेंबर स्वतःहून काही सांगतो तेव्हा: जिना चढताना दम लागत नाही, पाठीचा पट्टा सुटला, पहिल्यांदा पूर्ण पुलअप निघाला. तिसरी वेळ फी नूतनीकरणाची. पुन्हा पैसे भरणाऱ्या माणसाचे मत नव्याने चौकशीला आलेल्या माणसाला सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

प्रोफाइलमध्ये 'रिव्ह्यू मागा' अशी सोय आहे. तिथून छोटी लिंक आणि क्यूआर कोड दोन्ही मिळतात. कोड छापून बाहेर पडण्याच्या वाटेवर, काउंटरजवळ किंवा चपलांच्या रॅकपाशी लावावा. मशीनवर लावू नये, व्यायामाच्या मध्ये कोणी लिहीत नाही. लिंक मात्र मेंबरांच्या ग्रुपवर टाकू नये, एकेकाला वेगळी पाठवावी. ग्रुपवर टाकली की एका संध्याकाळी तीस रिव्ह्यू येतात, त्यांतले कित्येक जिमच्याच वायफायवरून, आणि दोन दिवसांनी त्यांतले बरेच गायब होतात. गुगल आपली गाळणी नेमकी कशी चालते ते सांगत नाही, पण अचानक आलेला लोंढा, एकाच फोनवरून किंवा टॅबवरून लिहिलेले रिव्ह्यू आणि सारख्याच वाक्यांची नक्कल हे सगळे बनावटपणाचे लक्षण धरले जाते. काउंटरवर टॅब ठेवून 'जरा इथेच लिहून जा' ही पद्धत म्हणूनच बंद करावी. प्रत्येकाने स्वतःच्या फोनवरून, घरी जाऊन, स्वतःच्या शब्दांत लिहावे. आठवड्याला पाच जणांना विचारले आणि तिघांतल्या एकाने लिहिले, तरी महिन्याला सहा-सात आणि वर्षाला सत्तर-ऐंशी रिव्ह्यू होतात. तेही वर्षभर पसरलेले. वाचणारा 'नवे आधी' असे लावून पाहतो; दोनशे रिव्ह्यू असले पण शेवटचा २०२२ मधला असला, तर जिम अजून चालू आहे का अशीच शंका येते.

मेसेज असा साधा असावा: 'ताई, महिना झाला तुमचा. जिमबद्दल जे वाटले ते, चांगले-वाईट दोन्ही, या लिंकवर लिहिलेत तर नव्या लोकांना उपयोग होईल. कोणत्या बॅचला येता, गर्दी कशी असते, ट्रेनर लक्ष देतात का, स्वच्छता कशी आहे, यांतले काहीही.' यात स्टार किती द्यायचे ते नाही आणि तयार मजकूर नाही. चार प्रश्न दिले की माणूस ठोस लिहितो, आणि तोच ठोसपणा पुढे कामाला येतो. रिव्ह्यूतले शब्द गुगल शोधाच्या निकालात जिमच्या नावाखाली दाखवते. 'बाळंतपणानंतर इथे व्यायाम सुरू केला', 'गुडघेदुखी असूनही ट्रेनरने जमेल तसे करून घेतले' अशी वाक्ये तिथे उमटली, तर तेच शोधणारी व्यक्ती नेमक्या जागी पोचते. मराठीत लिहा असेही आवर्जून सांगावे. मराठीतला रिव्ह्यू दुसरी भाषा वापरणाऱ्याला गुगल भाषांतर करून दाखवते, आणि शेजारच्या सोसायटीतल्या काकूंना तो आपल्याच भाषेत वाचायला मिळतो. एकदा विचारून कोणी लिहिले नाही तर पुन्हा मागे लागू नये. आपण जिमला जातो हे सगळ्यांना दिसावे असे प्रत्येकाला वाटत नाही.

बक्षीस देऊ नये. 'फाइव्ह स्टार द्या, शेकर बॉटल न्या' किंवा 'रिव्ह्यूवर महिनाभर मोफत' हे गुगलच्या नियमात सरळ निषिद्ध आहे. समाधानी मेंबरांनाच लिंक पाठवायची आणि कुरकुर करणाऱ्यांना खासगी फॉर्म द्यायचा, अशी चाळणी लावणेही तितकेच निषिद्ध आहे. मालक, ट्रेनर, त्यांचे घरचे यांनी स्वतःच्या जिमला स्टार देऊ नयेत, आणि समोरच्या जिमला एक स्टार तर मुळीच देऊ नये.

कायद्याची बाजूही माहीत असावी. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १९०००:२०२२ हे ऑनलाइन ग्राहक-अभिप्रायांसाठीचे मानक नोव्हेंबर २०२२ पासून आहे. ते ऐच्छिक आहे, पण विकत घेतलेले किंवा त्यासाठी नेमलेल्या माणसांनी लिहिलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, असे ते स्वच्छ सांगते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ऐच्छिक नाही. खोटे अभिप्राय जाहिरातीसारखे वापरून ग्राहकाची दिशाभूल केली, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रार जाऊ शकते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दंड दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत आहे. लहान जिमवर असा दंड रोज बसतो असे नाही. पण १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आता लोकांना पाठ होऊ लागला आहे.

त्याआधी पकडतो तो साधा वाचक. बनावट रिव्ह्यू ओळखायला त्याला काही शिकावे लागत नाही. लिहिणाऱ्याच्या नावावर बोट ठेवले की त्याचे बाकीचे रिव्ह्यू दिसतात: एकाच आठवड्यात जयपूरचा दंतवैद्य, दिल्लीचे पॅकर्स, सुरतचे साडीदुकान आणि आपली कोथरूडची जिम, सगळ्यांना पाच स्टार आणि सगळीकडे 'अमेझिंग सर्व्हिस'. हे एकदा दिसले की त्याच पानावरचे खऱ्या मेंबरांचे रिव्ह्यूही खोटे वाटू लागतात. विकत घेतलेल्या शंभरांचे खरे नुकसान हेच आहे.

शिवाय गरज किती आहे याचा हिशेबही कोणी करत नाही. चाळीस रिव्ह्यू आणि ३.९ सरासरी असलेल्या जिमला ४.३ वर यायला फक्त तेवीस पाच-स्टार लागतात. आठवड्याला पाच जणांना विचारण्याच्या चालीने, आलेले रिव्ह्यू मनापासून चांगले असतील तर, हे तीन-चार महिन्यांचे काम आहे. उलट बाजूही पाहा. ४.८ सरासरीचे अठराच रिव्ह्यू असतील आणि एकाने रागाने एक स्टार दिला, तर सरासरी ४.६ वर येते. तेच १८० रिव्ह्यू असतील तर तो एक स्टार जेमतेम दोन शतांश खाली ओढतो. म्हणजे वाईट रिव्ह्यूवरचा उपाय खऱ्या रिव्ह्यूंची संख्या हाच आहे. एक सांगायला हवे: ४.६ आणि ४.७ मध्ये जीव अडकवू नये. एकही तक्रार नसलेल्या निखळ ५.० पेक्षा दोन-चार तक्रारी आणि त्यांना नीट दिलेली उत्तरे असलेले पान जास्त विश्वासाचे वाटते.

उत्तर देणे हे या सगळ्यातले सर्वांत दुर्लक्षित काम आहे. मेंबर लिहितो: 'दोन नंबरच्या ट्रेडमिलचा पट्टा पळताना अडकतो, तीनदा सांगितले, कोणी लक्ष देत नाही.' त्यावर बहुतेक जिमचे उत्तर येते: 'आपले नाव आमच्या रजिस्टरमध्ये नाही. समोरच्या जिमवाल्यांनी हे लिहिले आहे.' किंवा त्याहून वाईट: 'तुम्ही महिन्यात चारच दिवस येता, फी पण उशिरा भरता, वजन कमी होत नाही म्हणून राग मशीनवर काढू नका.' हे वाचणारा नवा माणूस मनात म्हणतो, उद्या माझेही वजन हे असेच जगजाहीर करतील. मेंबरची हजेरी, फी, वजन, आजार, औषधे यांतले काहीही उत्तरात लिहू नये. वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, आणि कायदा नसता तरी हे करू नये.

योग्य उत्तर असे असते: 'तक्रार बरोबर आहे. पट्टा कोरडा पडला होता आणि सैलही झाला होता. मंगळवारी तो ताणून खाली सिलिकॉन ऑइल दिले आहे. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तपासणी होते आणि त्याचा कागद मशीनवर लावला आहे. पुन्हा अडकला तर काउंटरवर सांगा, मशीन लगेच बंद ठेवू.' यात काय बिघडले, का बिघडले, कधी दुरुस्त केले आणि पुढे काय, हे चारही आहे. अर्थात, आधी खरोखर दुरुस्त करावे लागते. ट्रेडमिलचा पट्टा पाय टेकताच क्षणभर थांबतो तो दोन कारणांनी: खालची फळी कोरडी पडलेली असते किंवा पट्टा ढिला झालेला असतो. मशीन बंद करून मागच्या रोलरचे दोन्ही बोल्ट अॅलन कीने (षटकोनी पान्याने) पाव-पाव वेढा सारखे आवळायचे, चालवून पाहायचे, लागले तर पुन्हा पाव वेढा. एकच बाजू आवळली तर पट्टा एकीकडे सरकतो आणि कडा फाटते. तेल पट्ट्याखाली, उत्पादकाने सांगितलेलेच. खोबरेल किंवा शिलाई मशीनचे तेल घालू नये. कोरडा पट्टा तसाच चालवला तर मोटर जास्त करंट ओढते आणि कंट्रोलर बोर्ड जळतो. मग ज्या तक्रारीचा राग आला होता, तीच वेळेवर ऐकली असती तर किती वाचले असते, ते बिल पाहून कळते.

चांगल्या रिव्ह्यूंनाही दोन ओळी लिहाव्यात, मात्र प्रत्येकाला तोच 'थँक यू, कीप सपोर्टिंग' चिकटवू नये. त्याने योग बॅचचे लिहिले असेल तर योग बॅचबद्दल लिहावे. वाईट रिव्ह्यूला दोन दिवसांच्या आत, पण त्याच तासाला नको. राग उतरल्यावर लिहावे आणि पाठवण्याआधी दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावे.

खोटा एक स्टार आला तर? आधी तो खोटा आहे का ते पाहावे. कडक, अन्यायी, चुकीचा वाटणारा रिव्ह्यू खोटा असतोच असे नाही, आणि गुगल निव्वळ मतभेदापोटी रिव्ह्यू काढत नाही. शिवीगाळ, जातीवाचक मजकूर, दुसऱ्याच दुकानाबद्दलचा मजकूर, धमकी, एकाच रात्री अनोळखी खात्यांवरून आलेले दहा एक-स्टार हे नियमभंगात बसते. प्रत्येक रिव्ह्यूशेजारच्या तीन ठिपक्यांतून तक्रार करावी, नेमके कारण निवडावे, आणि स्क्रीनशॉट तारखेसह ठेवावा. निर्णय यायला काही दिवस लागतात. विरोधात गेला तर अपील एकदाच करता येते, म्हणून ते घाईत वाया घालवू नये. 'पैसे द्या, मग एक स्टार काढतो' असा मेसेज आला तर एक पैसाही देऊ नये. एकदा दिले की यादीत नाव चढते. ते मेसेज जपून ठेवून गुगलकडे आणि सायबर पोलिसांकडे द्यावेत. १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. मेंबरला वकिलाची नोटीस पाठवण्याच्या फंदात मात्र पडू नये. त्या नोटिशीचा फोटो पुढच्या तासाला सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर असतो.

इथवर जे लिहिले ते बऱ्याच जणांनी थोडेफार ऐकलेले असेल. रिव्ह्यूंचा खरा उपयोग मात्र लोक करतच नाहीत, आणि तो म्हणजे ते वाचणे. महिन्यातून एक संध्याकाळ काढावी, साधी वही घ्यावी. आपले गेल्या सहा महिन्यांचे सगळे रिव्ह्यू आणि दोन किलोमीटरच्या आतल्या चार जिमचे एक, दोन आणि तीन स्टारवाले रिव्ह्यू वाचून रकाने भरावेत: फी आणि परतावा, गर्दी, ट्रेनर, मशीन, स्वच्छता, महिलांची बॅच, पार्किंग. प्रत्येक तक्रारीपुढे रेघ मारत जावे. पन्नास-साठ रिव्ह्यूंमध्येच चित्र स्पष्ट होते. मोठ्या साखळ्यांबद्दलच्या तक्रारी बहुतेक त्याच त्या असतात: ट्रेनर दर तीन महिन्यांनी बदलतो, पर्सनल ट्रेनिंग घेतले नाही तर कोणी बघत नाही, वर्षाची फी भरली आणि बदली झाली तर परतावा नाही, मेंबरशिप गोठवायची, म्हणजे काही दिवस थांबवायची म्हटले तर अॅपमध्ये तक्रार नोंदवा, संध्याकाळी सात ते नऊ स्क्वॉट रॅक मिळत नाही, मेंबरशिप संपायच्या महिनाभर आधीपासून विक्रीचे फोन.

या यादीतले जवळजवळ सगळे लहान जिमला जमण्यासारखे आहे, आणि त्यातले काही ती आधीपासून करतही असते. सांगत नाही एवढेच. तोच ट्रेनर सहा वर्षे असेल तर ते प्रोफाइलच्या वर्णनात लिहावे. वार्षिक फी मागण्याऐवजी तिमाही ठेवावी. गोठवण्याचा नियम पावतीवरच छापावा: तिमाहीत एकदा, सलग पंधरा दिवसांपर्यंत, एक मेसेज पुरे. परतावा कधी मिळेल आणि कधी नाही, हेही तिथेच. फीबद्दलच्या भांडणाचे मूळ बहुतेक वेळा दर नसतो, तोंडी सांगितलेला आकडा आणि पावतीवरचा आकडा यांतला फरक असतो. 'पंधराशे सांगितले आणि १७७० घेतले' हा जीएसटीचा जुना घोळ. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिम आणि योगवर्गांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला आहे, इनपुट क्रेडिटशिवाय (जिमने खरेदीवर भरलेला कर वजा करून मिळत नाही). म्हणजे पंधराशेचे १५७५. ज्यांची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे आणि नोंदणी नाही, त्यांना जीएसटी लावताच येत नाही. दरपत्रकावर एकच, सगळे धरून असलेला आकडा लिहिला की तक्रारींचा एक अख्खा रकाना मोकळा होतो.

महिलांच्या बॅचबद्दलचे रिव्ह्यू वेगळे काढून वाचावेत. त्यात स्टार चांगले असले तरी मजकुरात बारीक गोष्टी दडलेल्या असतात: बॅच अकराला संपते पण पावणेअकरालाच पुरुष मेंबर येऊन उभे राहतात, कपडे बदलायच्या खोलीची कडी लागत नाही, स्त्री ट्रेनर शनिवारी नसते, कॅमेरा नेमका स्ट्रेचिंगच्या जागेकडे रोखलेला आहे. हे तोंडावर सांगायला बायका संकोचतात, लिहून मात्र सांगतात. कडीला फार पैसे लागत नाहीत. कॅमेऱ्याचा कोन वळवायला काहीच लागत नाही. दुरुस्ती झाली की फलकावर लिहावे: 'रिव्ह्यूत आलेली सूचना, आज पूर्ण.' त्या बॅचमधल्या बायका आपल्या मैत्रिणींना सांगतात, तशी जाहिरात पैसे देऊन होत नाही.

केबल मशीनबद्दलची तक्रार मात्र महिनाअखेरच्या वहीची वाट पाहण्याची नाही. लॅट पुलडाऊनच्या, म्हणजे डोक्यावरचा दांडा खाली ओढायच्या मशीनच्या केबलचे प्लास्टिक पुलीजवळ किंवा टोकाच्या जोडापाशी तडकून आतली तार दिसू लागली, तर त्याच मिनिटाला वजनाची पिन काढून मशीन बंद असल्याची पाटी लावावी. चिकटपट्टी गुंडाळून आठवडा काढणे हा मेंबरच्या डोक्याशी खेळ आहे. कोणी रिव्ह्यूत हे लिहिले असेल आणि नंतर कोणाला इजा झाली, तर 'माहीत नव्हते' म्हणायलाही जागा राहत नाही.

आपल्याकडच्या जुन्या तालमी, आखाडे आणि व्यायाम मंडळे या सगळ्यापासून लांब आहेत, याचे फार वाईट वाटते. पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे, अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चे. अशा संस्थांचे नाव तोंडोतोंडी टिकले. पण गल्लीबोळातल्या शेकडो लहान तालमींचे नाव त्या गल्लीबाहेर कुणाला माहीत नाही, आणि त्या भागात नव्याने राहायला आलेले कुटुंब फोनवरच शोधते. कितीतरी तालमींची नोंद कोणीतरी परस्पर केलेली असते, वेळ चुकीची, फोटो दाराचा नाही, मालकी कोणाचीच नाही. विश्वस्तांपैकी एकाने 'हा व्यवसाय तुमचा आहे का' या दुव्यावरून मालकी मागावी. पडताळणी बहुतेक व्हिडिओवर होते: रस्ता, पाटी, आतली जागा आणि कुलूप आपल्या किल्लीने उघडताना, हे न थांबवता एका चित्रणात दाखवायचे. मग कुस्तीच्या हौद्याचा, मल्लखांबाचा, दंडबैठका काढणाऱ्या मुलांचा फोटो, पालकांना विचारून. तिथे तयार झालेल्यांना लिहायला सांगावे. वस्तादांचे नाव, पहाटेची वेळ, फी किती, मुलींसाठी वर्ग आहे का, एवढे चार जणांनी लिहिले तरी पालकांना पुरे होते.

शेवटची विनंती मेंबरांना आहे. तुमच्या गल्लीतली जिम टिकावी असे वाटत असेल तर दहा मिनिटे द्या. 'सुपर' लिहून पाच स्टार टाकू नका. किती महिने जाता, कोणत्या वेळी, तेव्हा किती गर्दी असते, फी सगळी धरून किती पडली, ट्रेनर न मागता चूक दुरुस्त करतो का, बाथरूम कसे आहे, गाडी कुठे लावता, हे लिहा. तक्रार आधी काउंटरवर सांगा, आठवडा द्या, आणि मग लिहा. लिहिल्यावर ती दूर झाली तर तोच रिव्ह्यू उघडून बदला. गुगल मॅप्समध्ये स्वतःच्या रिव्ह्यूशेजारी तीन ठिपके असतात, तिथे 'संपादित करा' मिळेल. जुना मजकूर पुसू नका, खाली तारीख घालून काय सुधारले तेवढे जोडा आणि स्टार पटतील तसे वाढवा.

आपला,
स्थानिक व्यायामशाळांच्या कामाशी संबंधित एक वाचक, पुणे